कसारा घाट, दादाचं सहा सिलिंडर आणि माझं ॲव्हरेज

भिवंडीहून नाशिकला गाडीने जायचं असेल तर पहाटे पाचला निघा. पडघ्याला ट्रकच्या रांगा लागायच्या आत तुम्ही मोकळे. ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही गेलो तेव्हाही हेच खरं होतं, फक्त रस्ता अरुंद, समोरून ट्रक आला की जीव मुठीत. जायचं ठरलं ते आप्पांमुळे, म्हणजे वडिलांमुळे. नोकरीतून नुकतेच सुटले होते. तरुणपणी वस्तीतल्या मंडळींबरोबर पाहिलेली पांडवलेणी त्यांना पुन्हा पाहायची होती, तिथल्या बुद्धमूर्तीसमोर घटकाभर बसायचं होतं. एवढीच हौस.

गाड्या दोन होत्या. माझा थोरला भाऊ, दादा, आग्रा रोडला गॅरेज चालवायचा. एका लूमवाल्या शेठच्या आवारात सडत पडलेली जुनी परदेशी गाडी त्यानं उचलली आणि दोन वर्षं खपून उभी केली. सहा सिलिंडर! येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून, बॉनेट उघडून आवाज ऐकवायचा. "ऐक, कसं बोलतंय." आणि खरंच ते इंजिन बोलायचं, खालच्या पट्टीत, घाई न करता. माझी नवीकोरी मारुती त्यापुढे शिलाई मशीन. पण आमच्याकडे गाडी घेतली की पहिला प्रश्न एकच, ॲव्हरेज किती? मी छाती फुगवून अठरा सांगायचो. दादा म्हणायचा, "सहा देते. काय म्हणणं हाय?"

आप्पा दादाशेजारी पुढे बसले, पाय ताणून. आई आणि माझी बायको सुनंदा माझ्या गाडीत. वहिनी पोरांच्या परीक्षेमुळे घरीच राहिली.

शहापूरपर्यंत मी पुढे होतो. कसाऱ्याला घाट लागला आणि माझी हवाच गेली. दुसरा गिअर, मग पहिला, तापमानाचा काटा वर. दादा शेजारून आरामात निघून गेला. आप्पांनी खिडकीतून हात हलवला. खोटं कशाला बोलू, मला जळजळ झाली. इगतपुरीला पोचलो तेव्हा दोघांचा दुसरा चहा चालू होता. आप्पा म्हणाले, "गाडी म्हणावी तर थोरल्याची. तुझी ठीक हाय, बाजारातून भाजी आणायला." सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य नाशिकपर्यंत चघळत राहिलो.

लेणी बघायची तर उन्हाच्या आत चढा आणि पाणी खालून न्या. आप्पा दर वीस पायऱ्यांना थांबले, पण कुणाचा हात धरला नाही. वर मूर्तीसमोर बसून त्यांनी त्रिशरण म्हटलं, तर दगडातून आवाज घुमला. आई डोळे पुसत होती. नंतर गावात मिसळ खाल्ली. पाच जणांचं पोटभर खाणं पन्नास रुपयांत झालं, तिखट मात्र असं की सुनंदाला उचकी लागली. परतताना पंपावर दादाची टाकी भरता भरता तिथला माणूस म्हणाला, "मामा, ही गाडी पेट्रोल पिते की आंघोळ करते?" सकाळपासून मी अशाच वाक्याची वाट बघत होतो.

इगतपुरीला पुन्हा चहाला थांबलो. आई आणि सुनंदा रस्त्यापलीकडे शेंगा घ्यायला गेल्या. मी दादाला म्हटलं, "उतारावर तरी इंजिन बंद करत जा. मी चावी फिरवतो आणि सोडून देतो, थेट कसाऱ्यापर्यंत फुकटात."

"ही जड हाय," दादा म्हणाला. "इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर मरतो. पेडल दगड होतं. उताराला इंजिनच धरून ठेवतं हिला."

"म्हणजे चढायलाही पेट्रोल, उतरायलाही पेट्रोल! एवढा मोठा मेकॅनिक आणि तंतरली तुझी?"

आप्पा हसले. ते माझ्या बोलण्याला हसले म्हणून मला केवढं बरं वाटलं! दादानं ग्लास खाली ठेवला आणि गाडीकडे गेला.

घाटात मी पुढे होतो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागून हॉर्न सुरू झाला, थांबेचना. दादा बाजूने सुसाट पुढे गेला. मला वाटलं, खिजवतोय. मीही हॉर्न मारला आणि मोठ्यानं म्हणालो, "बघा, कसा सुटलाय हत्ती!" आई म्हणाली, "अरे, हळू जा म्हणावं त्याला." पुढच्या वळणाला दरी होती. ती टाळायला दादानं गाडी डोंगराच्या कातळावर घातली. आप्पा बसले होते ती बाजू गेली.

त्यांना माझ्याच गाडीत घातलं. मागच्या सीटवर पाय मावेनात. गुडघे मुडपले तर ते ओरडले, शेवटी दार दोरीनं बांधलं. डोकं आईच्या मांडीवर होतं. शहापूरच्या अलीकडे आई म्हणाली, "आता घाई नको करू."

दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदारानं सगळ्यांसमोर विचारलं, "चावी बंद होती गाडीची. इंजिन बंद का केलं होतं?" दादाच्या कपाळावर पट्टी होती. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझी चूक," म्हणाला.

आईनं त्याला एकदाच विचारलं. "मेकॅनिक हाय ना तू? तुला कळत न्हवतं?" आप्पांच्या जलदानविधीचीही वाट न बघता ती माझ्याकडे राहायला आली आणि पुन्हा त्याच्या घराची पायरी चढली नाही. चौदा वर्षं. दर रविवारी दादा यायचा, आई उठून आत जायची. तो चहा घ्यायचा, तिच्या गोळ्या ठेवायचा आणि जायचा. ते इंजिन त्यानं भंगारात दिलं. एक वाक्य बोललो असतो तर ती बाहेर आली असती. पण मग ती माझ्याकडेही राहिली नसती, आणि या वयात कुठे जाईल, असं मी स्वतःला समजावत आलो. खरं सांगायचं तर भ्यालो. ती गेली तेव्हाही गप्पच होतो.

आता रस्ता रुंद आहे, घाटात चढायची आणि उतरायची वाट वेगळी आहे. छोट्या गाड्याही न हाफता वर जातात. हे सगळं लिहून झाल्यावर मी आधी दादाला वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"रस्त्याचं बरोबर लिवलंयस," तो म्हणाला. "उताराला गाडी गिअरमध्येच ठेवा, हे पण टाक."

मी म्हटलं, टाकतो.

मग म्हणाला, "मला काय वाचून दाखवतो? मला ठाव हाय. आईला सांगायचं व्हतंस."