एकाच आडनावाचे तीन इंग्रज

मी पदवीधर झालो तो गावच्या शाळेतल्या गणिताच्या सरांमुळे. परवा जुन्या फायलीतून डांबरगोळ्यांचा वास आला आणि शहरातल्या सदर भागातल्या वकीलसाहेबांकडची पहिली नोकरी आठवली. साहेबांच्या एका अशिलाला जुना बंगला विकायचा होता. भाव वाढावा म्हणून त्याच्या माहितीपत्रकात छापायचं होतं, की एकाच आडनावाचे तीन इंग्रज, म्हणजे मंत्री, न्यायाधीश आणि बंगल्याचा वास्तुविशारद, सख्खे भाऊ होते. खाली ‘तपासले’ म्हणून सही माझी हवी होती. कागदांत तिघांच्या बापाचं नावच नव्हतं; मला संशय आला. “आडनाव एक म्हणजे भाऊबंदच ना गा? काहून अडून राहिला?” साहेब म्हणाले. “साहेब, आमच्या अर्ध्या गावाचं आडनाव एकच आहे, तरी आपसात सोयरिकी होतात.” “मंग जाय, सोयरिकीच जुळव. उद्यापासून येऊ नको.” त्याच दुपारी मी सरांना पत्र टाकलं: ‘सर, पुरावा नव्हता म्हणून सही केली नाही. नोकरी गेली. बाबांना एवढ्यात सांगू नका.’