टॉर्किलची निरोपाची फेरी

आमच्या डेन्मार्कातल्या पश्चिम जटलंडमध्ये तुम्ही एखाद्याच्या घराला लागलेली आग विझवलीत, तर घरमालक काळ्याठिक्कर पडलेल्या भिंतीकडे बघत म्हणेल, "काही वाईट नाही." ही आमच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी. हिच्या वर पायरीच नाही. कोणी तोंडावर "छान!" म्हणालं की आम्ही ओळखतो, हा एक तर कोपनहेगनचा आहे, नाहीतर याला काहीतरी विकायचंय.

माझा नवरा टॉर्किल जन्मभर बस चालवत होता. होल्स्टेब्रोहून निघायचं, समुद्राकाठच्या थोर्समिंदेला जायचं आणि परत यायचं. बर्फ असो, वादळ असो, बस वेळेवर. एवढ्या वर्षांत एकाही उतारूनं त्याला "काही वाईट नाही" एवढंसुद्धा म्हटलं नाही. मग डोळे तपासताना निघालं की डावीकडचं त्याला दिसतच नाही. बुधवारी लायसन्स गेलं, गुरुवारी किल्ल्या गेल्या. शेवटची फेरीसुद्धा करू दिली नाही मेल्यांनी! साहेबांनी केक दिला, तोही आधीच कोणीतरी कापलेला.

"बोदिल," घरी आल्यावर तो मला म्हणाला, "निदान लोकांचा निरोप घेऊन तरी उतरलो असतो गं."

बस्स, एवढंच बोलला. पण मला कळलं की हे त्याला आत खोलवर लागलंय.

हिवाळ्यात त्यानं बस चालवायचा व्हिडिओ गेम आणला. माणूस जन्मभर जे करून दमला, तेच आता दिवाणखान्यात बसून फुकट करायला लागला! मी कपाळाला हात लावला. पण बघते तर काय, त्यानं गेममध्ये आपलाच रस्ता बांधायला घेतलेला. प्रत्येक स्टॉप, माग्दाची बेकरी, वाकडी झालेली उल्फबोर्गची पाटीसुद्धा. वसंत येईपर्यंत रस्ता तयार झाला. मग यानं जुन्या उतारूंना निरोप धाडले: रविवारी दुपारी कॉफीच्या वेळेला मी शेवटची फेरी करणार आहे, घरबसल्या लाइव्ह बघा.

तेवढ्यात आमची लेक सिसेल कोपनहेगनहून आली. ती जाहिरातींच्या कंपनीत आहे. तिथे काम कमी आणि कामाला नावं जास्त.

"बाबा, नुसती बस चालवून काय उपयोग? प्रेक्षकांना गुंतवून ठेवायला हवं!"

"ते बसमध्ये बसतात गं. गुंततात कशाला?"

तिनं ऐकलं तर शपथ. खेळाला तीन अवजारं जोडून दिली. एक घंटी, ती घरून दाबली की बसमध्ये वाजायची. एक मतदान. आणि तिसरं म्हणजे तिच्या मते अगदी कमाल: लोक जे लिहितील त्यातले शब्द यंत्र वाचणार. 'चांगला' दिसलं की बसमध्ये डिझेल. 'वाईट' दिसलं की टायर पंक्चर.

"म्हणजे प्रेक्षकांच्या भावना थेट गाडीला लागतील, बाबा!"

इतकी शिकलेली पोर, पण जन्म कुठे झाला तेच विसरली.

रविवारी सगळे आपापल्या घरून स्क्रीनसमोर हजर झाले. बेकरीवाली माग्दा, निवृत्त झालेले ल्युंग मास्तर, रोज टॉर्किलच्या मागच्याच सीटवर बसून एक अक्षर न बोलणारा ओगे, आणि बाकीची नेहमीची मंडळी. सिसेलनं आधी मतदान घेतलं, गाडी जंगलातून न्यावी की खाडीकडून? तिसरा पर्याय होता 'कसंही चालेल'. झाडून सगळ्यांनी तोच निवडला. सिसेल डोळे फाडून बघत राहिली. टॉर्किलनं नेहमीच्या रस्त्याला गाडी घातली.

पहिलंच वळण त्यानं असं झोकात घेतलं की माग्दानं लिहिलं, "काही वाईट नाही."

फट्! टायर गेला.

टॉर्किलनं गाडी बाजूला घेऊन टायर बदलला. ल्युंग मास्तरांनी लिहिलं, "टायर बदलला तोही काही वाईट नाही."

फट्!

"अगं, हे यंत्र वेडं आहे का?" मी ओरडले. "ते कौतुक करताहेत त्याचं!"

"आई, ते फक्त शब्द बघतं. आत्ता बंद केलं तर फेरी पुन्हा पहिल्या स्टॉपपासून सुरू करावी लागेल."

"फेरी मध्येच सोडायची नाही," टॉर्किल म्हणाला आणि माइकमध्ये घसा साफ केला. "मंडळी, या यंत्राला आपली भाषा येत नाही. गाडी पुढे जायची तर 'चांगला' असं लिहावं लागेल."

झालं! सगळीकडे चिडीचूप. डिझेलचा काटा उतरायला लागला. उल्फबोर्गच्या पुढे, धड इकडे ना तिकडे, बस खचकन थांबली.

"काय माणसं आहेत ही!" सिसेल तणतणली. "एक शब्द लिहायला काय जातं यांचं?"

"अब्रू जाते," मी म्हटलं.

टॉर्किल स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. त्याचे खांदे पडले होते. एकदा बाहेरच्यांनी फेरी काढून घेतली, आता घरच्यांनी. लेकीला आणि तिच्या त्या यंत्राला खिडकीतून फेकून द्यावं असं वाटलं मला.

तेवढ्यात स्क्रीनवर माग्दाची ओळ आली: "आज हेरिंग मासा चांगला मिळाला."

काटा हलला!

मग ल्युंग मास्तर: "गेल्या वर्षी बटाटे चांगले निघाले." कोणी लिहिलं, "शेजाऱ्याचं कुंपण चांगलं आहे." आणखी कोणी, "जर्मनीत रस्ते चांगले असतात, पण त्याचा इथे काय संबंध." कुंपण झालं, लोणी झालं, मेलेला कुत्रासुद्धा झाला. टॉर्किलचं नाव मात्र कोणी चुकूनही घेतलं नाही. पण हेरिंग-बटाट्यांवर बस निघाली की हो! टॉर्किल एकेका स्टॉपचं नाव पुकारायला लागला. बेकरीपाशी घंटी वाजली. त्यानं दार उघडलं.

"सांभाळून उतर, माग्दा."

मास्तरांच्या स्टॉपला वाजली, पुढच्यालाही वाजली. खेळात सगळे उतरले, पण स्क्रीनसमोरून कोणी हललं नाही.

थोर्समिंदे आलं. समोर समुद्र. टॉर्किलनं इंजिन बंद केलं.

"संपली फेरी," तो म्हणाला. "येतो मी."

मग ओगे, ज्यानं सबंध फेरीत हेरिंगचीही स्तुती केली नव्हती, त्याची ओळ आली: "एवढी वर्षं काही वाईट नाही चालवलीस, टॉर्किल."

फट्!

सिसेल बटणाकडे झेपावली. टॉर्किलनं तिचं मनगट धरलं. "हात लावायचा नाही!"

माग्दा: "काही वाईट नाही." फट्! मास्तर: "मुळीच वाईट नाही." फट्! मग एकच गर्दी उसळली. चारी टायर गेले. फोडायला टायर उरले नाहीत तेव्हा यंत्रानं दिवे फोडले, काचा फोडल्या. बस एका कुशीवर कलंडली आणि स्क्रीनवर मोठ्या लाल अक्षरांत आलं, 'प्रेक्षक अत्यंत नाराज आहेत.'

टॉर्किल लहान मुलासारखा हमसून हमसून रडत होता.

"बाबा, चुकलं माझं, मी आत्ता बंद करते..."

"गप्प बस गं," डावीकडची अक्षरं दिसावीत म्हणून मान पार वळवून तो म्हणाला, "मला वाचू दे."