मैना तर मिसरोदलाही आहे!

पक्षी बघायला निघालेल्या माणसांना पक्षी थोडे दिसतात, किस्से मात्र न शोधता सापडतात. आमच्या भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या रिटायर्ड मंडळींचंच बघा ना! अंदमानहून येऊन महिना झाला, तरी चहाला बसलो की अजून एखादा निघतोच.

जोशी आमचे लीडर. त्यांना हवे होते फक्त एंडेमिक, म्हणजे त्या बेटांखेरीज जगात कुठेच न सापडणारे पक्षी. विमानतळाबाहेर मैना दिसली. "ही आपल्या भोपाळजवळ मिसरोदलाही आहे. पुढे चला!" खंड्या दिसला. "हा आपल्या तळ्यावर रोज असतो. पुढे!" शेवटी ड्रायव्हर वैतागला, "साहब, भोपाल से इतनी दुश्मनी क्यों?"

*

दुसरे आमचे खरे. जन्मभर कारखान्यात सुपरवायझर. काळाकुट्ट अंदमानी सुतारपक्षी खोडावर ठोकत होता. खरे हरखले, "असा एक फिटर मला मिळाला असता तर!"

गाइड म्हणाला, "सर, वो तो पेट के लिए ठोक रहा है."

"मग आमचा काय हौसेनं ठोकायचा?"

लगेच त्यांनी मुलाला फोन लावला. "अरे, हा पक्षी अख्ख्या जगात फक्त इथेच आहे!"

"हाँ पापा. स्कूटी की चाबी कहाँ रखी है?"

*

माझीही फजिती झाली. मोबाइलवर अंदमानी कोतवाल पक्ष्याचा आवाज लावला, झुडपापलीकडून लगेच उत्तर! पुन्हा लावला, पुन्हा उत्तर. बराच वेळ हे चाललं. शेवटी फांदी बाजूला सारली, तर पलीकडे नागपूरचा ग्रुप, हातात मोबाइल! त्यांनी मुकाट्यानं चिवडा पुढे केला.

*

पण सगळ्यात भारी किस्सा जोशीकाकूंचा. लेक भोपाळला, तिचे दिवस भरत आलेले. काकूंचा सगळा जीव तिच्यात. "तारीख पुढच्या महिन्यातली आहे," असं सांगून जोशींनी त्यांना आणलं होतं. पक्ष्यांशी काकूंना काही देणंघेणं नव्हतं.

जोशींना हवा होता अंदमान क्रेक. लालसर, कोंबडीएवढा आणि महालाजाळू! जरा मोठ्यानं बोललात की झाडीत गडप. दोन सकाळी फुकट गेल्या. तिसऱ्या दिवशी तो ओढ्याकाठी बाहेर आला. जोशींनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

नेमका तेव्हाच काकूंच्या हातातला मोबाइल उजळला. मी शेजारीच होतो. जावयानं फोटो पाठवला होता. दुपट्यात गुंडाळलेलं, मुठी आवळलेलं बाळ, आणि खाली, "मुलगी झाली. दोघी सुखरूप."

काकूंनी तोंडावर पदर दाबला. डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, आता ओरडणार! त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला.

जोशींनी मान वळवली. बायकोचे डोळे बघून तेही गहिवरले. कुजबुजले, "बघितलंस? म्हटलं होतं ना, एकदा दिसला की रडूच येतं!"

काकूंनी मान डोलावली. "हो. तुमचं पोटभर बघून होऊ द्या आधी."