अख्खा गळा

बायको गेली. मोबाईलात तिची गौरीची गाणी तेवढी राहिली. मोठ्याने ऐकावी म्हणून तीन स्पीकरचा खोका घेतला, तर त्यात ती परकीच वाटायची.

रत्नागिरीत स्टँडामागच्या टपरीतल्या स्पीकरवाल्याने खोक्याला कान लावून डोळे मिटलेन.

"आजोबा, जाड सूर खालच्या स्पीकरला, बारीक वरच्याला वाटून देतो तो क्रॉसओव्हर. हा आजींचा गळाच मधोमध कापतोय."

"मग बदल. मला धडधड नको, ती हवी."

दोन लावून बघितलेन, मान हलवून काढलेन. तिसरा लावून म्हणाला, "हा अख्खा गळा मधल्याकडे ठेवतो."

गाणं लागलं. गाता गाता ती तेव्हा माझ्यावर खेकसली होती, तेही आलं, "अहो, दार लावा आधी!"

मी उठलोच.

"बसा आजोबा," तो हसला, "टपरीला दार कुठंय?"

बसलो. जीव भांड्यात पडला. तीच होती.