गवारीच्या पिठाचं दूध

ही गोष्ट माझ्या बायकोच्याही कानावर गेलेली नाही. तिला माझं सगळं ठाऊक असतं – तंबाखूची पुडी कुठे दडवतो तेसुद्धा. हे मात्र नाही. मग तुम्हाला का सांगतो? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल.

साठ सालानंतरची एक-दोन वर्षं. पुसदच्या पलीकडे एका बंजारा तांड्यावरच्या शाळेत मी मास्तर होतो. पोरांना तेव्हा दूध वाटायचं असे – साय काढलेल्या दुधाची परदेशी भुकटी यायची, ती कोमट पाण्यात कालवायची. कालवायचं काम सक्रीबाईचं. तांड्यातलीच, नवरा वारलेला, मुलगा-सुनेजवळ राहणारी. ती गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, लाकडी डाव फिरवू लागली की कोपरापर्यंतच्या बांगड्या खळखळायच्या आणि पोरं त्या आवाजावरच रांग लावायची.

भुकटीची पोती सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. पावसाळ्यात मी ती भिंतीला टेकवून ठेवली. भिंतीला ओल आली, निम्मी भुकटी दगड झाली. वर कळवायचं, बोलणी खायची, संपलं – त्यात काय एवढं? पण तांड्यात सायन्स शिकलेला मी एकटा, आणि तो तोरा मी डोक्यावर घेऊन फिरायचो. नासकी भुकटी नाल्यात ओतली. उरलेली पुरवून पुरवून वापरू लागलो.

दूध पातळ झालं. ते दिसू नये म्हणून मी वाळल्या गवारीच्या बिया भाजल्या, सालं काढून दळल्या. त्या पिठाने पाणी दाट होतं, हे मला माहीत होतं. सकाळी सक्रीबाई यायच्या आत गंजातल्या पाण्यात चिमूटभर – नाही, आता खोटं कशाला – मूठभर पीठ कालवून ठेवायचो. कोणाला अपाय झाला नाही. पोरं ओठ चाटायची. गुरुजींच्या शाळेतलं दूध दाट असतं, असं तांड्यात बोललं जायचं. मला ते आवडायचं.

मग तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. सकाळी येणार म्हणून दूध लवकर करून झाकून ठेवलं होतं; साहेब उगवले दिवस कलल्यावर. तांड्याचा नायक आणि बऱ्याच बाया जमलेल्या. मी थाटात झाकण काढलं. वर नितळ, पिवळसर पाणी. साहेबांनी डाव तळाशी नेला, तर खाली सगळं पांढरं, घट्ट.

"हे दूध फाटलं कसं?"

फाटलं नव्हतंच. फाटलेल्या दुधात गुठळ्या होतात, त्याला आंबूस वास येतो. इथे दोन्ही नव्हतं, ते मला उभ्या उभ्याच कळलं. एरवी दूध केल्याबरोबर वाटलं जायचं, त्याला वेगळं व्हायला वेळच मिळायचा नाही. सक्रीबाईने सवयीने डावाकडे हात नेला. तिने चार वेढे दिले असते तर दूध पुन्हा होतं तसं झालं असतं, आणि साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला असता – यात घातलंय तरी काय?

मी तिचं मनगट धरलं. सगळ्यांदेखत.

"राहू द्या बाई, हात नका लावू. काल चिंच कोळत होत्या नं तुमी – हाताले आंबट आहे तुमच्या."

"म्या तं राखेनं हात धुतले, गुरुजी. माह्या हातानं काहून फाटन?"

मी गंजावर झाकण ठेवलं. साहेबांनी मान डोलावली, मग नायकाने. सायन्सवाल्याचा शब्द होता तो.

दुसऱ्या दिवशी दोन औषधाच्या बाटल्यांत भुकटीचं दूध भरून मी ते करून पाहिलं. एकीत लिंबू पिळलं – गुठळ्या. दुसरीत गवारीचं पीठ – वर पाणी, खाली दूध. बाटली हलवली की पुन्हा एक. पुढे एका प्राध्यापकांना विचारलं, दुसऱ्याची गोष्ट म्हणून. ते म्हणाले, गवारीच्या पिठाचे रेणू लांबलचक, धाग्यांसारखे; ते धागे दुधाच्या कणांना चिकटत नाहीत; त्यांना स्वतःला मोकळी जागा हवी असते. दोन कण जवळ आले की मधे धागा मावत नाही, आणि बाहेरच्या धाग्यांचा रेटा त्या कणांना एकमेकांशी दाबून धरतो. असे कण जमत जमत खाली बसतात. बाजाराच्या गर्दीत घरची माणसं एकमेकांना बिलगून चालतात ना, तसं. मला उत्तर पटलं. पटल्याचा आनंदही झाला – हे कसलं मन म्हणायचं?

तिकडे सक्रीबाईचं काम गेलं. विरजण लावायला बाया तिला बोलावीनाशा झाल्या. सून बाळंत झाली, तेव्हा पोर आजीच्या हाती द्यायला घाबरली – अंगावरचं दूध फाटलं तर? हे मला शाळेतली पोरंच सांगायची. मी फळ्यावर गणितं लिहायचो. तोंड उघडायला काय लागत होतं? एक बाटली हातात घेऊन तांड्यात जायचं आणि ती सगळ्यांसमोर हलवायची, एवढंच.

बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला तिच्या दारी गेलो. तिने बसायला घोंगडं टाकलं, चूल पेटवली, चहा उकळला. रागाचं एक अक्षर नाही. दोन कपांत कोरा चहा ओतला आणि शेळीच्या दुधाची वाटी, पदराने धरून, माझ्यापुढे सरकवली.

"तुमीच टाका, गुरुजी. माह्या हातानं फाटते."

ती चेष्टा करत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं.

मी माझ्या कपात दूध टाकलं, मग तिच्या. चहा चांगला झाला, असं म्हणालो.