कुंकू लावलेली लादी

आमच्या देवळाच्या गाभाऱ्यासाठी काकांनी मोताळ्याहून संगमरवराची मोठी लादी पसंत करून आणली. ती टेम्पोतून उतरवून लाकडी ओंडक्यांवर ठेवताच त्यांनी तिला हळद-कुंकू वाहिलं.

मी म्हणालो, "पालथी करा, पाठ पाहू." तडा गेलेल्या लादीला मागून जाळी चिकटवतात आणि एक नंबरचा माल म्हणून खपवतात. पण कुंकू लागलेला दगड पालथा घालायला कुणीच पुढे येईना. सगळे माझ्याकडेच रागानं पाहू लागले.

माझंही डोकं फिरलं. मी खालून हात घातला. बोटांना जाळी लागली.

काका माझ्या कानाशी वाकले. "मले रस्त्यातच दिसली ते. म्हणून तं उतरल्याबरोबर कुंकू लावलं."