न बसवलेली कवळी

वर्गातली पोरं तिला ताई म्हणायची, आणि त्यात आदर कमी, गंमत जास्त असायची. तिच्या बरोबरीचे सगळे पास होऊन दवाखाने थाटून बसले होते. ही मात्र अजून डेंटल कॉलेजच्या शेवटच्या वर्षात, मागून आलेल्या मुलांबरोबर कवळी करायला शिकत होती. एकाच विषयात गाडी अडत होती. आधी अभ्यास कमी पडला, मग आजारपण आलं, मग परीक्षकांसमोर वाचाच बसली. शेवटी विभागप्रमुख बाईंनी तिला खोलीत बोलावून घेतलं.

"ही शेवटची संधी बरं का," त्या म्हणाल्या. "एक पेशंट घे, पुरी कवळी करून त्याच्या तोंडात बसव आणि मग परीक्षा दे. यंदा नाही जमलं तर कॉलेज नाव काढून टाकेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

पेशंट मिळाले ते लिफ्टवाले आजोबा. एका मोठ्या कचेरीत आयुष्यभर लिफ्ट चालवून निवृत्त झालेले. तोंडात औषधालाही दात नव्हता, पण बोलण्याला खळ नव्हता. "अख्ख्या जन्मात इतकी माणसं वर पोचवली," ते सांगायचे, "पण पोलीस कधी मागे लागले नाहीत." मापाचा ट्रे तोंडात असतानाही त्यांचं काहीतरी चालूच असायचं. तिला हसू आवरायचं नाही. बऱ्याच दिवसांनी ती कॉलेजात हसत होती.

मेणात बसवलेले दात घालून पाहायचा दिवस आला. आजोबांनी आरशात निरखून पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, हा वरचा पुढचा दात जरा वाकडा कर."

"वाकडा? तो कशाला?"

"माझा तसाच होता. एवढी सरळ रांग घेऊन घरी गेलो तर बायको दारातूनच परत पाठवेल."

तिनं मेण गरम करून दात किंचित वळवला. आजोबांनी पुन्हा आरसा धरला आणि नंतर जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

कवळी बसवायच्या दिवशी ती सकाळपासून खुर्ची पुसून तयार होती. कवळी घासूनपुसून पाण्यात ठेवली होती. इतरांचे पेशंट आले, गेले. आजोबांचा पत्ता नाही. दुपारी तिनं त्यांच्या घरी फोन लावला. फोन त्यांच्या बायकोनं उचलला.

"ते गेले गं," आजी म्हणाल्या. "परवा पहाटे. झोपेतच."

"पण कवळी तर आज बसवायची होती," ती म्हणाली.

पलीकडून आजी "हो ना" म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

आपण काय बोलून बसलो ते तिला फोन ठेवल्यावर कळलं. माणूस गेल्याचं कानावर पडलं आणि मनात पहिलं आलं ते हे, की आता माझं कसं होणार. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा म्हणाला, "वाईट झालं, ताई. पण दुसरा पेशंट लगेच बघ." त्याचंही बरोबरच होतं.

दुसऱ्या पेशंट मिळाल्या, एक अबोल मावशी. पण त्यांच्या हिरडीवरून बोट फिरवताना तिला आजोबांचीच हिरडी लागायची. ती हात मागे घ्यायची, हातमोजे बदलायची, पुन्हा सुरुवात करायची. कॉलेजच्या लिफ्टमध्ये शिरली की पाठीमागून कुणीतरी विचारायचं, "कितवा मजला?" वळून पाहावं तर लिफ्ट रिकामी. तिनं जिने चढायला सुरुवात केली. मग तोच प्रश्न जिन्यातही ऐकू येऊ लागला, घरी ताटावर बसली की ताटावरही. आई विचारायची, "कुठे लक्ष आहे तुझं?" ती म्हणायची, "परीक्षेचं टेन्शन." मावशींचं माप तीनदा बिघडलं. चौथ्यांदा त्या आल्याच नाहीत.

तेव्हा ती कवळी घेऊन आजींकडे गेली. दोन खोल्यांचं घर, धुतलेल्या चादरींचा वास. तिनं आधी माफी मागितली. "फोनवर मी भलतंच बोलून गेले."

आजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय बोललीस? मला नाही बाई आठवत. त्या दिवशी कोण काय म्हणालं, काही डोक्यात राहिलं नाही."

ज्यांनी माफ करायचं त्यांनाच आठवत नव्हतं. तिनं कवळीची डबी पुढे केली. आजींनी कवळी हातात घेतली, खिडकीकडे धरली आणि एकदम खाली बसल्या.

"हा दात असा कुणी केला?"

"आजोबांनीच सांगितलं. त्यांचा तसा होता म्हणाले."

"त्यांचे दात सरळ होते," आजी म्हणाल्या. "असा दात आमच्या थोरल्याचा होता. विसाव्या वर्षी गेला तो. यांनी त्यानंतर घरात त्याचं नावही काढलं नाही कधी."

कवळी त्यांनी पदरात घेतली आणि परत दिली नाही. तिनंही मागितली नाही. एका गेलेल्या माणसाचं हसू आपण दुसऱ्याच्या तोंडासाठी आपल्या हातानं घडवलं, आणि आता तर घालायला तो दुसराही नाही, हे तिला उतरताना जिन्यात उमगलं.

परीक्षेला ती बसूच शकली नाही. कॉलेजनं तिचं नाव काढून टाकलं. बाईंनी रदबदली करून तिला कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये लावून दिलं. तिथं तोंडं येत नाहीत, त्यांचे प्लॅस्टरचे साचे येतात. तिचा हात चांगला आहे, मालक खूश आहेत. वडील पाहुण्यांना सांगतात, "मुलगी दातांच्याच लाइनमध्ये आहे," आणि झटकन विषय बदलतात.

मात्र डबा ती लॅबमध्ये खात नाही. फळीवर ओळीनं मांडलेल्या त्या बिनदातांच्या साच्यांकडे पाठ करून घास उतरत नाही, आणि तोंड करून तर नाहीच. ऊन असो, वारा असो, ती बाहेर पायरीवर बसते. आतून कुणी हाक मारली तर लगेच ओ देत नाही. आधी आवाज लॅबमधल्याच कुणाचा आहे ना, ते नीट ऐकून घेते.